लोकरीचा हत्ती

जर्मनी देशाच्या दक्षिण भागात ब्रेन्झ नावाची एक लहानशी नदी आहे. तिच्या काठी गीन्गेन नावाचे गाव वसलेले आहे. एकोणिसाव्या शतकात हे गाव वुर्टेंबर्गच्या राज्यात मोडत असे. गावात घरे बांधण्याचा व्यवसाय करणारे फ्रीडरिश श्टाइफ नावाचे एक गृहस्थ राहत होते. 24 जुलै 1847 ह्या दिवशी त्यांच्या घरी एक मुलगी जन्मास आली. तिचे नाव मार्गारेट असे ठेवण्यात आले. मारी आणि पाउलीन ह्या तिच्या दोन थोरल्या बहिणी होत्या. पुढे तिच्या पाठीवर फ्रिट्झ नावाचा भाऊ झाला.

मार्गारेट दीड वर्षाची झाली आणि श्टाइफ कुटुंबावर एक मोठे संकट कोसळले. तिला एकाएकी सडकून ताप भरला. काही दिवसांनी ताप उतरला खरा; परंतु मुलगी उभी राहीना. तिचे दोन्ही पाय लुळे पडले होते. उजव्या हातातही बळ उरले नव्हते; तो उचलताना तिला वेदना होत. हा रोग पोलिओ होता, हे पुढे काही वर्षांनी वैद्यांच्या ध्यानात आले. त्या काळी ह्या रोगावर कोणताच उपाय माहीत नव्हता. त्याची पहिली प्रतिबंधक लस निघाली ती 1955 साली, म्हणजे ह्या घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी.

आईवडिलांच्या मनाला घोर लागला. जिला चालता येत नाही आणि जिचा उजवा हात कामाचा नाही, त्या मुलीचे पुढे कसे होणार? आपल्या माघारी तिला कोण सांभाळील? त्या काळी धडधाकट स्त्रियांनादेखील स्वतःच्या कमाईवर जगण्याचे मार्ग फार थोडे होते. मग अशा पांगळ्या मुलीने जन्मभर दुसऱ्याच्या आधाराने राहावे, ह्यापलीकडे कोणालाही काही सुचत नसे.

मार्गारेटचा स्वभाव मात्र मोठा आनंदी होता. घरात एक लहानसा लाकडी हातगाडा होता. त्यात तिला बसवून भावंडे आणि शेजारची मुले गावभर ओढीत नेत. गाडा रस्त्याच्या कडेला उभा राहिला की मुले तिच्याभोवती जमत. तिला धावता येत नसे, पण इतरांनी कोणता खेळ खेळावा हे ती बसल्या जागेवरून सुचवी आणि सर्वांना त्यात गुंतवून ठेवी. मुले कशात रमतात आणि कशाला लवकर कंटाळतात, हे ती लहानपणापासून पाहत होती. ह्याच गाड्यातून ती शाळेत जाई. पायऱ्या आल्या की तिला कोणीतरी उचलून वर नेत असे. अभ्यासात ती हुशार होती.

मार्गारेट नऊ वर्षांची असताना, 1856 साली, तिला उपचारांसाठी लुडविग्सबुर्ग येथील एका प्रसिद्ध डॉक्टरांकडे नेण्यात आले. तेथे तिच्या पायांवर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर विल्डबाड येथील उष्ण पाण्याच्या झऱ्यांत स्नाने घेण्यासाठी तिला ठेवण्यात आले. घरापासून दूर राहून ह्या मुलीने सर्व यातना धीराने सोसल्या. परंतु इतके करूनही गुण आला नाही. जशी ती गेली होती, तशीच ती परत आली.

पुढेही अनेक उपाय झाले. प्रत्येक वेळी घरात नवी आशा उत्पन्न होई आणि प्रत्येक वेळी पदरी निराशा येई. मार्गारेट सतरा वर्षांची झाली, तेव्हा तिने मनाशी एक निश्चय केला. बरे होण्याची वाट पाहण्यात आयुष्य घालविले तर मनाला स्वस्थता अशी कधीच लाभणार नाही, हे तिला कळून चुकले होते. पायांनी चालणे आपल्या नशिबी नाही, ही गोष्ट तिने स्वीकारली. जे हाती उरले आहे, त्याने काय करता येईल, ह्या विचाराला ती लागली.

हाती उरलेला होता एक चांगला डावा हात आणि एक दुबळा उजवा हात. त्या काळच्या इतर मुलींप्रमाणे मार्गारेटही शिवण शिकविणाऱ्या शाळेत जात असे. प्रारंभी तिला हे काम फारच जड गेले. उजव्या हाताने सुई धरणे म्हणजे तिला एक शिक्षाच वाटे. इतर मुलींचे काम पुरे होई, तेव्हा तिचे निम्मेही झालेले नसे. पण तिने सुई खाली ठेवली नाही. हळूहळू तिच्या टाक्यांत सफाई आली आणि काही वर्षांतच ती शिवणकामात निपुण झाली.

थोरल्या बहिणींनी गावात बायकांचे कपडे शिवण्याचा व्यवसाय सुरू केला होता. मार्गारेट त्यांना मदत करू लागली. झिदर नावाचे एक तारांचे वाद्यही ती वाजवावयास शिकली होती. ते इतरांना शिकवून ती चार पैसे मिळवी आणि शिल्लक टाकी. बहिणींनी मिळून एक शिवणयंत्र विकत घेतले. गीन्गेन गावात आलेले हे पहिलेच शिवणयंत्र होय.

यंत्र घरात आले खरे, परंतु एक अडचण उभी राहिली. यंत्राचे चाक उजव्या हाताने फिरवावयाचे होते आणि तेवढे बळ मार्गारेटच्या उजव्या हातात नव्हते. दुसरी एखादी मुलगी हताश झाली असती. मार्गारेटने थोडा विचार केला आणि यंत्रच फिरवून उलटे ठेवले. पुढची बाजू मागे गेली आणि चाक आपोआप डाव्या हाताकडे आले. यंत्र चालू लागले. यंत्राला शरण न जाता तिने यंत्रालाच आपल्या सोयीचे करून घेतले.

कालांतराने बहिणी आपापल्या संसाराला लागल्या. 1874 साली वडिलांनी राहत्या घराची डागडुजी करून मार्गारेटला शिवणकामासाठी स्वतंत्र जागा करून दिली. ज्या मुलीची एवढी चिंता वाहिली, ती आता स्वतःच्या श्रमावर उभी राहत होती. गावातील गिऱ्हाईक तिचे काम विश्वासाने घेऊन जात असे. ह्यापुढे आपणही तिचा उल्लेख मार्गारेटबाई असाच करू.

मापाप्रमाणे कपडे शिवण्याच्या धंद्यात एक मर्यादा असते. प्रत्येक गिऱ्हाइकाचे माप निराळे आणि आवड निराळी. एकासाठी शिवलेला कपडा दुसऱ्याला चालत नाही. काम पुष्कळ होते, पण धंदा वाढत नाही. मार्गारेटबाईंच्या हे लक्षात आले होते. जी वस्तू एकदा बेतली म्हणजे अनेकांना उपयोगी पडेल, अशी वस्तू त्या शोधीत होत्या. ती त्यांना सापडली, कारण तिचा कच्चा माल त्यांच्या गावातच तयार होत होता.

गीन्गेनमध्ये त्यांच्या एका नातेवाइकाचा फेल्ट तयार करण्याचा कारखाना होता. फेल्ट म्हणजे लोकरीचे एक जाड कापड. पण ते घोंगडीप्रमाणे विणून करीत नाहीत. लोकरीचे थर एकावर एक पसरतात, ते गरम पाण्याने भिजवितात आणि दाबून, मळून, घोटून एकजीव करतात. आपल्याकडील बुरणूस आणि काश्मीरचा नमदा ही ह्याच जातीची कापडे होत. फेल्टमध्ये उभे-आडवे धागे नसल्यामुळे ते कात्रीने कसेही कापले तरी त्याच्या कडा उसवत नाहीत. कडा दुमडून शिवण्याचे श्रम वाचतात. शिवाय ते ऊबदार असते आणि पुष्कळ दिवस टिकते. गीन्गेनचा हिवाळा कडक असतो. अशा ठिकाणी फेल्टचे परकर आणि लहान मुलांचे ऊबदार कोट कोणाला नको होतील?

1877 साली मार्गारेटबाईंनी फेल्टच्या तयार कपड्यांचे दुकान काढले. त्यांच्या परकरांना लवकरच बाहेरगावाहून मागणी येऊ लागली. काम एकटीने उरकेना, म्हणून त्यांनी हाताखाली काही बायका घेतल्या. ज्या मुलीला जन्मभर दुसऱ्याने पोसावे लागेल असे सर्वांना वाटत होते, तिच्या दुकानावर आता इतर घरांच्या चुली पेटू लागल्या.

1879 सालच्या डिसेंबर महिन्यातील गोष्ट. एका फॅशनविषयक मासिकात मार्गारेटबाईंना एका लहानशा हत्तीचा कागदी नमुना सापडला. कापड कसे बेतावे आणि कसे शिवावे, हे त्यात दाखविले होते. शिवणाऱ्या बायकांना टाचण्या आणि सुया टोचून ठेवण्यासाठी एक मऊ उशी लागते. तशी उशी हत्तीच्या आकाराची केली तर मजा येईल, असे त्यांना वाटले. त्यांनी फेल्टचे तुकडे कापले, ते शिवले, आत कोकरांची मऊ लोकर भरली आणि काही हत्ती तयार केले. ते त्यांनी नात्यातील आणि ओळखीच्या बायकांना भेट म्हणून दिले.

परंतु ह्या भेटींचे एक आश्चर्य झाले. हत्ती दिले होते घरातील बायकांना, पण ते पळविले मुलांनी! टाचण्या एकीकडे राहिल्या आणि मुले त्या हत्तींना घेऊन खेळू लागली. कोणी त्याला कुशीत घेऊन झोपे, कोणी त्याला दोरी बांधून अंगणभर हिंडवी. एकदा हातात घेतलेला हत्ती मुले सोडावयास तयार होत ना.

मुलांनी टाचण्यांची उशी बिघडविली म्हणून दुसऱ्या कोणी त्यांना रागावले असते. मार्गारेटबाई रागावल्या नाहीत. त्या विचार करू लागल्या. त्या काळी मुलांची खेळणी कशी होती? डोंगराळ भागातील कारागीर लाकडाची खेळणी करीत. न्युर्नबर्ग शहर पत्र्याच्या खेळण्यांसाठी प्रसिद्ध होते. बाहुल्यांची डोकी चिनी मातीची असत. लाकूड टणक, पत्र्याच्या कडा धारदार आणि चिनी मातीची बाहुली हातातून पडली की तिचे तुकडे. पुष्कळशी महाग खेळणी तर कपाटात ठेवून नुसती पाहावयाची असत. जे छातीशी धरता येईल, जे पडले तरी फुटणार नाही आणि अंथरुणात घेतले तरी बोचणार नाही, असे खेळणे दुकानांत क्वचितच मिळे. मुलांना नेमके तेच हवे होते. मोठ्या माणसांनी ते त्यांना कधी विचारले नव्हते. एका हत्तीमुळे ते आपोआप उघड झाले.

आता प्रश्न होता तो निवडीचा. परकरांचा धंदा चांगला चालला होता. तो सोडून खेळण्यांच्या मागे लागावे काय? परकर ही गरजेची वस्तू होती. खेळण्यावाचून कोणाचे अडत नाही. शिवाय हाताखालच्या बायकांची पोटे ह्या दुकानावर अवलंबून होती. मार्गारेटबाईंनी घाई केली नाही. कपड्यांचे काम त्यांनी चालू ठेवले आणि त्याच्या जोडीने थोडे थोडे हत्ती करून पाहिले. कापड तेच होते, सुई तीच होती आणि बायकांचे हातही त्या कामाला सरावलेले होते. तेव्हा फार पैसा न गुंतविता हा प्रयोग करता येण्यासारखा होता.

भाऊ फ्रिट्झ ह्याचा बहिणीच्या बुद्धीवर मोठा विश्वास होता. त्याने काही हत्ती शेजारच्या हायडेनहाइम येथील बाजारात नेले. ते हातोहात खपले. मागणी वाढत चालली. 1886 सालापर्यंत पाच हजारांहून अधिक हत्ती विकले गेले होते.

एकच खेळणे किती दिवस खपणार, हाही विचार मार्गारेटबाईंनी केला. हत्तीच्या मागोमाग माकड आले, गाढव आले, घोडा आला, उंट आला. मग कुत्री, मांजरे, डुकरे आणि ससे ह्यांचीही रांग लागली. मुलांना जे प्राणी घराच्या आसपास दिसत, ते त्यांत होते आणि ज्यांची नुसती चित्रे पाहिली, तेही होते. कापड मात्र तेच आणि कारागिरीही तीच. ज्या गोष्टीत आपला हात बसला आहे, तिच्यातूनच नवे रूप काढावे, अशी त्यांची रीत होती.

नवे खेळणे करावयाचे ठरले म्हणजे त्याचा नमुना त्या स्वतः पारखून पाहत. त्याचे कान ओढून पाहत, शिवण ताणून पाहत, आतील लोकर सारखी भरली आहे की नाही ते चाचपून पाहत. मुलाच्या हाती जाणारी वस्तू सर्वांत चांगल्या प्रतीचीच असली पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. मूल वस्तूची परीक्षा करीत नाही, ते विश्वासाने ती जवळ घेते. म्हणून त्याला फसविणे हा अधिक मोठा अपराध, असे त्या मानीत. 1892 साली त्यांनी आपल्या मालाची पहिली सचित्र यादी छापली. तीत हेच धोरण त्यांनी जाहीर केले. पुढील वर्षी त्यांच्या कारखान्याची खेळण्यांचा कारखाना म्हणून नोंद झाली.

1890 च्या सुमारास फ्रिट्झने बहिणीसाठी एक नवी इमारत बांधली. तीत दुकान आणि कामाची जागा होती आणि मार्गारेटबाईंच्या राहण्याची सोयही होती. चाकांच्या खुर्चीतून त्यांना वरच्या मजल्यावर जाता यावे, म्हणून जिन्याऐवजी उतरती वाट केली होती. लहानपणी ज्या भावंडांनी गाडा ओढला होता, त्यांची माया अशी शेवटपर्यंत कायम राहिली. मार्गारेटबाईंनी विवाह केला नाही. फ्रिट्झच्या मुलांवर त्यांनी स्वतःच्या मुलांप्रमाणे प्रेम केले. ही मुले मोठी झाल्यावर एकामागून एक आत्याच्या कारखान्यात येऊन काम करू लागली.

त्यांपैकी रिशार्ट हा चित्रकलेत तरबेज होता. तो 1897 साली कारखान्यात दाखल झाला. श्टुटगार्ट शहरात शिकत असताना तो तेथील प्राणिसंग्रहालयात जाऊन तासन्‌तास प्राण्यांची चित्रे काढीत बसे. अस्वल त्याला विशेष आवडत असे. मागील पायांवर उभे राहणारे, मान वळविणारे, हात पसरणारे अस्वल पाहून त्याला एक कल्पना सुचली. ज्याचे हात, पाय आणि डोके हलविता येतील, असे अस्वल केले तर? 1902 साली त्याने ते तयार केले. त्यासाठी त्याने फेल्ट न वापरता अंगोरा जातीच्या बकरीच्या केसांपासून केलेले लवदार कापड वापरले.

मार्गारेटबाईंना हे अस्वल पाहून शंका आली. कापड महाग होते. खेळणे आकाराने मोठे होते. एवढी किंमत देऊन अस्वल कोण घेईल? परंतु तरुण पुतण्याच्या उत्साहाला त्यांनी मोडता घातला नाही. 1903 साली लाइप्त्सिग शहराच्या प्रसिद्ध जत्रेत इतर खेळण्यांबरोबर हे अस्वलही मांडण्यात आले. प्रारंभी कोणीच त्याच्याकडे फिरकले नाही. मार्गारेटबाईंची शंका खरी ठरते की काय, असे वाटू लागले. जत्रा उठण्याच्या बेताला आली, तेव्हा एका अमेरिकन व्यापाऱ्याची दृष्टी त्या अस्वलावर गेली आणि त्याने एकदम तीन हजार अस्वलांची मागणी नोंदविली.

त्या वेळी अमेरिकेत अस्वलांचा मोठाच बोलबाला होता. तेथील राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट 1902 साली शिकारीला गेले असता, बांधून ठेवलेल्या एका अस्वलावर गोळी झाडण्यास त्यांनी नकार दिला होता. ह्या प्रसंगाचे व्यंगचित्र वृत्तपत्रात छापून आले आणि ते घरोघरी पोहोचले. रूझवेल्ट ह्यांना लोक टेडी म्हणत. त्यावरून खेळण्यातील अस्वलालाही टेडी हे नाव पडले. अमेरिकेतील ब्रुकलिन येथे एका दुकानदार दांपत्यानेही त्याच सुमारास असे अस्वल केले होते. अशा प्रकारे दोन देशांतील कारागिरांनी एकमेकांना न कळत एकच वस्तू घडविली.

पहिल्या अस्वलात काही दोषही होते. त्याचे हातपाय दोऱ्याने जोडलेले असत आणि खेळता खेळता ते सैल पडत. मग धातूच्या सळ्या घालून पाहिल्या, तर अस्वल जड आणि ताठर झाले. शेवटी पुठ्ठ्याच्या गोल चकत्यांनी सांधे जोडण्याची युक्ती साधली. त्यामुळे हातपाय सहज फिरू लागले आणि अस्वलही हलके व मऊ झाले. जी वस्तू विकली जात आहे, तीही सुधारत राहिले पाहिजे, ही शिकवण ह्या कारखान्यात सर्वांच्या अंगी बाणली होती.

1904 साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे एक मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तेथे बारा हजार अस्वले विकली गेली आणि मार्गारेटबाई व रिशार्ट ह्यांना सुवर्णपदक मिळाले. कीर्तीबरोबर नकलाही आल्या. दुसरे कारखानदार तशीच दिसणारी हलकी खेळणी करून विकू लागले. गिऱ्हाइकाने खरे कसे ओळखावे? फ्रान्झ नावाच्या दुसऱ्या पुतण्याने ह्यावर एक सोपा उपाय काढला. प्रत्येक प्राण्याच्या कानात धातूचे एक लहानसे बटण बसवावयाचे. ज्याच्या कानात बटण, तो गीन्गेनचा. ही खूण एवढी लोकप्रिय झाली की त्या खेळण्यांची तीच ओळख होऊन बसली.

काम एवढे वाढले की जुनी इमारत पुरेना. 1903 साली पोलाद आणि काच ह्यांची एक मोठी नवी इमारत उभारण्यात आली. काचेच्या भिंतींतून भरपूर उजेड आत येई. बारीक टाके घालणाऱ्या बायकांच्या डोळ्यांना त्यामुळे आराम मिळे. 1907 साली ह्या कारखान्यातून एका वर्षात 9,74,000 अस्वले बाहेर पडली. त्या वेळी सुमारे 400 माणसे कारखान्यात काम करीत होती आणि सुमारे 1,800 माणसे घरी बसून खेळणी शिवीत होती. घरी काम करणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. घरचे पाहून त्यांना चार पैसे मिळविता येत. घराबाहेर पडता न येणाऱ्या बाईची अडचण काय असते, हे मार्गारेटबाईंना कोणी सांगावयास नको होते.

एवढे वैभव आले, तरी त्यांच्या राहणीत फरक पडला नाही. चाकांच्या खुर्चीत बसून त्या कामावर देखरेख करीत आणि नव्या खेळण्यांचे नमुने न्याहाळीत. गावातील मुलांना त्यांच्या घराचे दार सदैव उघडे असे. 1906 साली त्यांनी कारखान्याचे रूपांतर कंपनीत केले आणि कारभार पुतण्यांच्या हाती सोपविण्याची व्यवस्था लावून दिली. 9 मे 1909 रोजी न्यूमोनियाच्या विकाराने मार्गारेटबाईंचे निधन झाले. मृत्युसमयी त्यांचे वय एकसष्ट वर्षांचे होते.

त्यांनी सुरू केलेला कारखाना गीन्गेन गावात अजूनही चालू आहे. तेथे त्यांच्या स्मरणार्थ एक संग्रहालय आहे. त्यांच्या खेळण्यांच्या कानात अजूनही ते बटण बसविले जाते.

मार्गारेटबाईंच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. हत्तीचा नमुना त्यांनी शोधून काढला नव्हता. तो मासिकात छापलेला होता आणि तो अनेक बायकांनी पाहिला असेल. फेल्टही गावातील सर्वांना मिळत होते. मग हे यश त्यांनाच का लाभले? आपल्या हाताला काय जमते, हे त्या ओळखून होत्या. आपल्या गावात काय पिकते आणि काय तयार होते, ह्याची त्यांना पारख होती. आणि मुख्य म्हणजे, आपण केलेल्या वस्तूचे समोरचा माणूस काय करतो, हे त्या डोळे उघडे ठेवून पाहत. टाचण्यांची उशी मुलांनी खेळणे म्हणून उचलली, तेव्हा मुलांचे चुकले असे त्या म्हणाल्या नाहीत. आपण काय करावे, हे त्या मुलांकडून शिकल्या.

लहानपणी हातगाड्यात बसून खेळणाऱ्या मुलांकडे टक लावून पाहणारी ती मुलगी स्वतः कधी धावू शकली नाही. परंतु तिच्या हातचे हत्ती आणि अस्वले देशोदेशीच्या मुलांच्या घरी जाऊन पोहोचली.